पुलावर अडलेली घोडी

हैदराबादेतल्या मराठी माणसांना आज जे काही स्वच्छ दिसतं, त्यातलं निम्मं आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांमुळे दिसतं. आणि उरलेलं निम्मं बरेच दिवस दिसायचं राहिलं होतं, तेही त्यांच्यामुळेच. हे विधान मी जबाबदारीने करतो आहे. आमच्या घरातच एक डोळा त्यांनी उघडून दिलेला आणि दुसरा अडवून ठेवलेला, अशी स्थिती होती, आणि ते दोन्ही डोळे माझ्या आईचे होते. दुसरा कधी मोकळा होणार हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की डॉक्टर जवळचं वाचायचा चष्मा कपाळावर सरकवून अशा नजरेने पाहायचे, की आपल्याला आईच्या डोळ्याची एवढी घाई का झाली आहे, असा संशय माझा मलाच यायचा.

नात्याने ते आमचे कोणी लागत नाहीत. आईचं माहेर बिदरकडचं आणि डॉक्टरांचं गावही त्याच वाटेवरचं, एवढ्या भांडवलावर ते आम्हाला वर्षानुवर्षं हक्काने रागवत आले. त्यांचा दवाखाना नल्लकुंट्यात, मिरची कुटायच्या गिरणीच्या माडीवर. डोळ्यांच्या डॉक्टरने सगळं शहर सोडून हीच जागा का घेतली, यावर आमच्यात दोन मतं आहेत. भाडं कमी होतं, हे एक. आणि जिना चढेपर्यंत धडधाकट माणसाचेही डोळे वाहू लागतात, हे दुसरं. पेशंटला पोचवायला आलेला जावई, जावयाला सोबत म्हणून आलेला शेजारी, सगळे वर यायचे ते डोळे पुसतच. डॉक्टर भेदभाव करत नसत. बाकावर जो जो डोळे चोळताना दिसेल, त्याच्या डोळ्यांत थेंब टाकून ते पुढे सरकत. एकदा पोस्टमनच्या डोळ्यांत टाकले. तो बिचारा ‘साब, दस्तखत करो’ म्हणत होता आणि डॉक्टर ‘पैकि चूडु, पैकि चूडु’ करत त्याला छताकडे पाहायला लावत होते. मी गिरणीबद्दल एकदा तक्रार केली, तर म्हणाले, “अरे, खाली मिरची आहे म्हणून तर लोकांना वर आल्यावर आठवतं, की आपल्याला डोळे आहेत.”

त्यांच्या हैदराबादेची हद्द ठरलेली होती. एका बाजूला विद्यानगर, दुसऱ्या बाजूला कोठी, आणि परगावी जायची वेळ आलीच तर नामपल्लीचं स्टेशन. पश्चिमेला काचेच्या उंच इमारतींचं जे नवं शहर उभं राहिलं आहे त्याला ते ‘तिकडचा जिल्हा’ म्हणत आणि तिकडून आलेल्या पेशंटला प्रवास कसा झाला, वाटेत जेवलात का, असं मनापासून विचारत. तिकडच्या इस्पितळांवर त्यांचा विशेष राग. “तिथे आत गेल्यागेल्या कॉफी देतात. का देतात? पुढचा आकडा ऐकताना माणूस जागा पाहिजे म्हणून.” आता गंमत अशी, की त्यांची सगळ्यांत लाडकी शिष्या, श्रावणी नावाची तेलुगू मुलगी, त्यांच्याच हाताखाली उभं राहून शिकली आणि अशाच एका काचेच्या इस्पितळात मोठी सर्जन झाली. तिचे केस पिकायला लागले तरी डॉक्टर तिला ‘अम्मायी’ म्हणजे ‘पोरी’ अशीच हाक मारत, आणि आमच्याकडे तिचा विषय काढत तो लांबच्या सासरी दिलेल्या लेकीचा काढावा तसा.

पेशंट वाचन-तक्ता पाठ करून येतात, असा त्यांचा ठाम समज होता. इंग्रजी अक्षरांचा तक्ता तर म्हणे घरोघरी पाठ असतो. म्हणून त्यांनी कोठीतल्या एका पाट्या रंगवणाऱ्याकडून मराठी अक्षरांचा तक्ता खास रंगवून घेतला होता. त्यावर एक हिरवा कपडा टाकलेला असायचा. पेशंट खुर्चीत बसला, एक डोळा झाकला, की डॉक्टर दोरी ओढून कपडा वर करत आणि चोराला पकडल्याच्या आवाजात म्हणत, “वाच.” आमच्या नात्यातली एक मुलगी, कोठीतल्या कापडवाल्यांची, शाळा सगळी इंग्रजी, नुकती बँकेत लागली होती. तिने तक्त्याकडे खूप वेळ पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, “अंकल, दिखता तो सब है. पण ते काय आहे ते नाही माहीत.” डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं: दृष्टी उत्तम. मराठी वाचता येत नाही. रोज एक पान, जेवणानंतर. चिठ्ठीही मराठीतच असल्यामुळे ती पोरगी सरळ औषधाच्या दुकानात गेली, आणि दुकानदाराने चिठ्ठी उलटसुलट पाहून हा माल सध्या येत नाही म्हणून सांगितलं.

ते स्वतः मात्र दवाखाना उघडल्यावर आधी आपले डोळे तपासत. मागच्या बाकाशी उभे राहून, एकेक डोळा तळहाताने झाकून, शेवटची सगळ्यांत बारीक ओळ खणखणीत आवाजात म्हणत. मग आम्हा बाकावरच्या मंडळींकडे पाहत. “या वयात, बिनचष्म्याचं.” आम्ही माना डोलावायचो.

पण त्यांची खरी कीर्ती होती ती गोष्टीसाठी. ऑपरेशनं ते मागच्या गल्लीतल्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये करत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात डोळा बधिर करतात, पण माणूस टक्क जागा असतो आणि त्याने हलता कामा नये. इतर डॉक्टर ‘हलू नका’ असं सांगतात. त्यामुळे माणसाला हलायची आठवण होते. आमचे डॉक्टर गोष्ट सांगत. निजामाच्या वेळचा एक नवरदेव घोडीवर बसून मुशी नदीच्या पलीकडे लग्नाला निघाला आहे. बँड पुढे गेला, वऱ्हाड मागे आहे, मुहूर्त जवळ आला आहे, आणि पुलाच्या मधोमध घोडी अडली. ढकलून हलेना, चुचकारून हलेना, हरभरे दाखवले तरी हलेना. नवरदेवाला घाम फुटला. पलीकडच्या काठावर मुलीचा बाप घड्याळ बघतो आहे. इथवर येईपर्यंत डोळ्यात नवं भिंग बसलेलं असे. डॉक्टर हात काढून घेत आणि म्हणत, “झालं. बाकीची गोष्ट दुसऱ्या डोळ्याला.”

यामुळे झालं असं, की आमच्या समाजातली निम्मी म्हातारी माणसं ती घोडी पुलावर ठेवूनच हिंडत होती. लग्नाकार्यात पंगत उठली, की एका डोळ्याची माणसं दोन डोळ्यांच्या माणसांना गाठून पुढे काय झालं ते विचारत. आणि तिथे खरा घोळ व्हायचा, कारण डॉक्टरांनी प्रत्येकाला शेवट वेगळा सांगितलेला. कोणाच्या गोष्टीत नवरदेव घोडी सोडून पायी पळत गेला होता, कोणाच्या गोष्टीत मुलीकडचे लोकच पुलावर येऊन तिथेच अक्षता पडल्या होत्या. एक निवृत्त तहसीलदार आणि त्यांचे सख्खे व्याही यावरून बोलेनासे झाले. तहसीलदारांच्या गोष्टीत घोडी मागे फिरली होती, आणि त्यात व्याह्यांना आपल्या मुलीला उद्देशून काहीतरी बोलल्यासारखं वाटलं. डॉक्टरांना खरा शेवट विचारला, तर ते म्हणायचे, “तो मलाही ठाऊक नाही. दर वेळी वाटतं, आज सापडेल.”

आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. पट्टी काढताना ते सगळ्या नातेवाइकांना खोलीबाहेर काढत. उघडलेल्या डोळ्याला पहिलं तोंड त्यांचं दिसलं पाहिजे, हा नियम. आईने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, “डॉक्टरसाब, तुम्ही एवढे म्हातारे कधी झाले हो?” ते म्हणाले, “काल. तुमच्या ऑपरेशनला उभा होतो तेव्हा.” घरी आल्यावर आईला छताच्या कोपऱ्यातली जळमटं, भांड्यांवरचे डाग आणि माझं टक्कल हे सगळं एकाच दिवशी दिसलं. माझ्या बायकोने डॉक्टरांना अजून माफ केलेलं नाही.

मग उजवा डोळा. आम्ही आईला दर महिन्याला घेऊन जायचो, डॉक्टर बॅटरी मारून पाहायचे आणि म्हणायचे, “पिकला नाही अजून.” पुढच्या महिन्यात, “पिकला नाही.” मोतीबिंदू पिकायची वाट हल्ली कोणी पाहत नाही, हे मलासुद्धा वाचून माहीत होतं. आईला जिन्याची शेवटची पायरी दिसेनाशी झाली. एकदा गॅसवर हात भाजला, एकदा फाटकाशी पडली. मी म्हटलं, तिकडे श्रावणीबाईंकडे जाऊ, त्याही यांच्याच हातच्या. आई म्हणाली, “घोडी पुलावर सोडून मी कुठं जाऊ? आणि दुसऱ्याची ऐकीव गोष्ट नक्को मला. माझ्या डोळ्याची मला पाहिजे.” चौकशी केली तेव्हा कळलं, आम्ही एकटे नव्हतो. दवाखान्यात जो जाईल तो ‘पिकला नाही’ ऐकून परत येत होता. त्या साली अख्ख्या नल्लकुंट्यात एकही मोतीबिंदू पिकला नाही. लोक म्हणू लागले, डॉक्टर हट्टी झाले. मीही म्हटलं. बायकोने यापेक्षा कडक शब्द वापरला.

अशातच श्रावणीने त्यांच्या वाढदिवसाला नवा तक्ता पाठवला. जुन्याचा रंग उडाला होता, म्हणून तिने पुण्याहून छापील मराठी तक्ता मागवून पाठवला, आणि दवाखान्यातल्या नर्सने तो डॉक्टर यायच्या आधीच जुन्याच्या जागी टांगून वर हिरवा कपडा टाकून दिला. त्याच दिवशी मी आईला घेऊन गेलो. माडीवर गोंधळ चालला होता. डॉक्टर एकामागून एक सगळ्यांना नापास करत होते. खुर्चीतले एक गृहस्थ कळवळून सांगत होते, “अहो, न आहे तो. मोठा न आहे.” डॉक्टर शांतपणे म्हणाले, “ग आहे. नंबर वाढलाय तुमचा.” पुढच्या बाईंचा वाढला. त्यांच्या नवऱ्याचा वाढला. तो नुसता सोबत आला होता. शेवटी डॉक्टर वैतागले आणि कसं वाचायचं ते दाखवायला मागच्या बाकाशी जाऊन उभे राहिले. एक डोळा झाकला आणि शेवटची ओळ त्याच जुन्या खणखणीत आवाजात म्हटली. “ग, ठ, म, क, प. यात अवघड काय आहे?”

तक्त्यावर यातलं एकही अक्षर नव्हतं. मला ते दिसत होतं, बाकावरच्या सगळ्यांना दिसत होतं. बोलली ती आई. त्यांनीच उघडून दिलेल्या डाव्या डोळ्याने तिने आधी तक्त्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “डॉक्टरसाब, पिकला नाही म्हणता तो माझा, का तुमचा?”

खाली गिरणी चालू होती. डॉक्टर चालत चालत तक्त्यापाशी गेले, नाक टेकेल इतके जवळ, आणि शेवटच्या ओळीवरून बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं. मग दोरी सोडून त्यावर कपडा टाकला. बाकीच्या पेशंटांना त्यांनी हाताने ‘उद्या’ अशी खूण केली. माडी रिकामी झाल्यावर ते आईसमोर बसले. “तुमच्या डाव्या डोळ्यानंतर अंधुक व्हायला लागलं,” ते म्हणाले. “त्यानंतर एकाच्याही डोळ्याला सुरी लावली नाही. तेवढं पाप केलं नाही.”

“मग सांगायचं नाही का? लोकं पडतात, भाजतात.”

“सांगितलं तर सगळे तिकडे जातील. मग मी सकाळी उठून काय करू?”

मला त्या माणसाचा अतिशय राग आला होता आणि त्याच वेळी त्याच्याजवळ जाऊन बसावंसं वाटत होतं. आईने मात्र वेळ घालवला नाही. ती म्हणाली, “अम्मायीला फोन लावा. तुमचे दोन्ही होईपर्यंत मी माझ्या डोळ्याला कुणाला हात लावू देणार नाही. पडले तर पडले.” डॉक्टरांना पेशंटच्या धमक्यांची सवय नव्हती. त्यांनी बरीच कुरकुर केली, पण फोन लावला.

त्यांना ‘तिकडच्या जिल्ह्यात’ न्यायचं काम माझ्याकडे आलं. काचेच्या इस्पितळात त्यांना आधी टोकन मिळालं, मग कॉफी. कॉफी त्यांनी संशयाने हुंगली आणि पूर्ण प्यायली. मग एका हसऱ्या मुलीने त्यांना मोतीबिंदू म्हणजे काय ही फिल्म दाखवली, आणि ती अर्धी होईपर्यंत डॉक्टरांनी तिच्यातल्या चुका त्या मुलीला लिहून घ्यायला लावल्या. भिंगं तीन तऱ्हेची आहेत, साधं, सोनेरी आणि प्रीमियम, असं तिने सांगितल्यावर ते म्हणाले, “बाळ, मी भिंगं बसवत होतो तेव्हा एकच तऱ्हा होती. दिसणारी.”

आतली हकीकत मला नंतर श्रावणीने बाहेर येऊन सांगितली. टेबलावर पडल्यापासून ते तिला शिकवत होते. चीर इथे घे, हात असा टेक, घाई नको. बोलले की डोळा हले. तिने दोनदा सांगून पाहिलं, “सर, आप बोले तो आँख हिलती. हिलो नक्को.” उपयोग शून्य. ज्यांना इतकी वर्षं दुसऱ्याला निजवून ठेवायची सवय, त्यांना स्वतः निजता येत नव्हतं, आणि टेबलाची कड धरलेला त्यांचा हात कापत होता. तेव्हा श्रावणीने मास्कच्या आडून, आपल्या तेलुगू वळणाच्या दखनीत सुरू केलं. “एक दूल्हा था सर, निजाम के जमाने का. घोडी पे बैठ के मुशी के उस पार शादी को निकला...” ती गोष्ट तिने त्यांच्या शेजारी उभं राहून इतक्यांदा ऐकली होती, की कुठे आवाज खाली आणायचा तेही तिला ठाऊक होतं. डॉक्टर गप्प झाले. त्यांनी टेबलाची कड सोडली. पुलाच्या मधोमध घोडी अडली, मुलीच्या बापाने घड्याळ पाहिलं, आणि श्रावणीने हात काढून घेतले. “हो गया सर. बाकी का किस्सा दूसरी आँख को.”

त्यानंतरचे काही आठवडे त्यांच्या घरच्यांना कठीण गेले. अम्मायीने मला फसवलं, माझीच गोष्ट माझ्यावर टाकली, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. दिवसातून दोनदा तिला फोन करून डोळ्याबद्दल काहीतरी खोटी तक्रार करायचे आणि मग सहज विचारल्यासारखं विचारायचे, “घोडी का क्या हुआ?” ती दाद देईना. शेवटी त्यांनी स्वतःहून दुसऱ्या डोळ्याची तारीख मागून घेतली. पट्टी काढताना श्रावणीने आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. नियम म्हणजे नियम. आतून त्यांचा आवाज ऐकू आला, “अम्मायी, केस पांढरे झाले की ग तुझे.” पण तिने शेवट काय सांगितला, हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही.

आम्हाला वाटलं, आता डॉक्टर पुन्हा सुरी धरणार आणि नल्लकुंट्यातले सगळे मोतीबिंदू एकदम पिकणार. झालं उलटंच. दोन्ही डोळे स्वच्छ झाल्यावर त्यांना पहिल्यांदा आपला हात दिसला. टेबलावर कापत होता तो भीतीने, असं आम्ही धरून चाललो होतो. तो घरी, चहाचा कप धरतानाही कापत होता, आणि बहुधा बरेच दिवस कापत असावा. त्यांनी दोन-चार दिवस तो हात डोळ्यांसमोर धरून पाहिला आणि हत्यारांची पेटी श्रावणीकडे पाठवून दिली. पेटीबरोबर चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी भेटायला गेलो तेव्हा ते खिडकीतून गिरणीची पाटी वाचत बसले होते.

आईचा उजवा डोळा श्रावणीने केला. आईची अट एकच होती, आणि त्या अटीसाठी काचेच्या इस्पितळाला आपले बरेच नियम वाकवावे लागले. आईच्या उशाशी स्टूल टाकून, हिरवा गाऊन, टोपी आणि मास्क घालून डॉक्टर बसले. बाहेरच्या काचेतून मला त्यांचा मास्क हलताना दिसत होता. आई दगडासारखी स्थिर होती. श्रावणीचं काम आधी संपलं. गोष्ट संपेपर्यंत ती हात बांधून उभी राहिली.

परत येताना गाडीत, एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या आईने मला शेवट सांगितला.

“घोडी हट्टी नव्हतीच रे. तिला मोतीबिंदू होता. पुढचं काही दिसत नव्हतं, खालून पाण्याचा आवाज येत होता, म्हणून उभी राहिली. सगळे मारायले, ढकलायले, पण कुणी तिच्या डोळ्यात पाहिलं नाही. मग नवरदेव खाली उतरला. लगाम धरला, आणि तिच्या कानाशी लागून बोलत बोलत, हल्लू हल्लू तिला पूल ओलांडून नेलं.”

“आणि मुहूर्त?”

“टळला की. लग्न झालं पण.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “डॉक्टरसाब बोलले, हा शेवट माझा नाही, अम्मायीचा आहे.”

आता डॉक्टर श्रावणीच्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी लवकर आंघोळ करून तयार असतात. इस्पितळाची गाडी त्यांना न्यायला येते. इस्पितळाने त्यांना गळ्यात अडकवायचं एक ओळखपत्र दिलं आहे, त्यावर इंग्रजीत काहीतरी भारदस्त हुद्दा लिहिला आहे; डॉक्टर ते खिशात ठेवतात. डोळा ती करते, गोष्ट ते सांगतात, आणि अर्धी मात्र अजूनही दुसऱ्या डोळ्याला राखून ठेवतात. शेवट आता सगळ्यांना एकच सांगतात. तहसीलदार आणि त्यांचे व्याही पुन्हा बोलू लागले आहेत.

मलाही हल्ली रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे दिसतात. बायकोला बोललो नाही. डॉक्टरांना मात्र परवा सहज विचारलं, अजून थोडं थांबलं तर चालेल ना, पिकेपर्यंत? त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, दोन्ही डोळ्यांत नीट पाहिलं, आणि न रागावता म्हणाले, “डोळा थांबेल रे. गोष्ट सांगणारा किती थांबेल, ते बघ.” हनुवटीखाली त्यांचा हात बारीक कापत होता. पुढच्या महिन्याची तारीख मी घेऊन ठेवली आहे.